सांगलीच्या खासदारकीचं गणित

४ जून २०२४ ला महाराष्ट्रातल्या ४८ विजयी उमेदवारांची यादी लागली तेव्हा ४७ नावांपुढे कुठला ना कुठला पक्ष होता. उरलेल्या एका नावापुढे ‘अपक्ष’ एवढंच होतं. सांगलीचे विशाल पाटील, मतं ५,७१,६६६. दोन वेळचे खासदार, भाजपचे संजयकाका पाटील यांना ४,७१,६१३. महाविकास आघाडीचे अधिकृत उमेदवार, ठाकरे यांच्या शिवसेनेचे पैलवान चंद्रहार पाटील यांना ६०,८६०. म्हणजे पहिल्या दोघांतला फरक एक लाखावर त्रेपन्न, आणि आघाडीच्या अधिकृत उमेदवाराचं डिपॉझिट जप्त.

टीव्हीवाल्यांनी लगेच ‘सांगली पॅटर्न’ असं नाव देऊन टाकलं. बाहेरच्यांना हे आक्रीत वाटलं. सांगलीकरांना त्या मानानं कमी वाटलं, कारण २००९ लाही इथं एका अपक्षानं ३,३८,८३७ मतं घेऊन काँग्रेसच्या खासदाराला घाम फोडला होता. पक्षाचं तिकीट नसताना तीन लाख, पाच लाख मतं मिळतात, ती येतात कुठून? या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायचं तर आधी मतदारसंघ कसा आहे ते बघावं लागतं, आणि मग सत्तर वर्षं मागं जावं लागतं.

नाव शहराचं, मतं गावांची

सांगली लोकसभा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गणपती मंदिर, आयर्विन पूल, हळदीचा बाजार, मिरजेची हॉस्पिटलं येतात. पण मतदारसंघ त्याच्या पलीकडं बराच पसरलाय. महाराष्ट्रात लोकसभेचा एक मतदारसंघ म्हणजे विधानसभेचे सहा मतदारसंघ एकत्र बांधलेले. सांगलीत ते सहा असे: सांगली, मिरज (हा अनुसूचित जातींसाठी राखीव), पलूस-कडेगाव, खानापूर, तासगाव-कवठेमहांकाळ आणि जत. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका १९९८ ची. तिचा भाग सांगली आणि मिरज या दोन मतदारसंघांत येतो. बाकी चार मुख्यतः ग्रामीण. एकूण मतदार १८ लाखांच्या वर.

या सहांची एकमेकांशी फारशी ओळख नाही म्हटलं तरी चालेल. पलूसच्या बाजूला कृष्णाकाठ, ऊस, कारखान्यांची धुराडी. तासगाव म्हणजे द्राक्षं आणि बेदाणा. खानापूर-आटपाडीकडं माणसं गलाई व्यवसायासाठी (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्यासाठी) देशभर पांगलेली, सोन्या-चांदीच्या गलाईवाल्यांची गावंच्या गावं तिथं आहेत. आणि जत पार कर्नाटकाच्या हद्दीला, सांगलीपासून ऐंशी-नव्वद किलोमीटरवर. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या गावांवर हक्क सांगितला, त्याला निमित्त पाण्याचंच होतं. तिथल्या मतदाराला ‘शहरी मतदारसंघातला मतदार’ म्हटलं तर तो हसेल.

म्हणून सांगलीत पाणी हा विषय प्रत्येक निवडणुकीत असतो. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या तीन उपसा योजनांची नावं इथं शाळकरी पोरालाही पाठ असतात. कृष्णेचं पाणी पंपानं टप्प्याटप्प्यानं उचलायचं आणि पूर्वेच्या दुष्काळी टापूत न्यायचं, असा हा मामला. म्हैसाळ हे गाव मिरज तालुक्यात, पाणी पोचायचं कवठेमहांकाळ आणि जतला. पाणी आणल्याचं श्रेय घ्यायला प्रत्येक पक्षाचा माणूस तयार असतो, आणि वीजबिल थकलं की तोच माणूस सापडत नाही. (हे मी पक्षनिरपेक्षपणे म्हणतोय.)

आणखी एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, कारण पुढं ती लागणार आहे. सांगली जिल्हा आणि सांगली लोकसभा हे एक नव्हे. जिल्ह्यात विधानसभेचे आठ मतदारसंघ आहेत. त्यातले इस्लामपूर आणि शिराळा हे दोन हातकणंगले लोकसभेत आहेत. म्हणजे जिल्ह्याच्या राजकारणातलं एक मोठं ठाणं, इस्लामपूरच्या जयंत पाटलांचं, सांगलीच्या खासदाराला मतच देत नाही. जिल्हा बँकेत, जिल्हा परिषदेत त्यांचं वजन असतं, पण खासदारकीच्या मतपेटीत त्यांचा तालुका नसतो. सांगलीचं राजकारण बाहेरून बघणारा इथं हमखास गोंधळतो.

वसंतदादांच्या आधी

आपण ज्याला आज सांगली जिल्हा म्हणतो तो १९४९ मध्ये साताऱ्यातून वेगळा काढला, तेव्हा त्याचं नाव होतं दक्षिण सातारा. १९६० च्या नोव्हेंबरात तो सांगली झाला. त्यामुळं १९५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या नोंदीत सांगली शोधाल तर सापडणार नाही. दक्षिण सातारा बघावं लागतं. तिथून काँग्रेसचे व्यंकटराव पवार निवडून गेले.

१९५७ ची निवडणूक मात्र वेगळी. संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला होता, मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही या दिल्लीच्या भूमिकेवर पश्चिम महाराष्ट्र चिडला होता. तेव्हा मतदारसंघाचं नाव होतं मिरज, आणि जिंकले शेतकरी कामगार पक्षाचे बाळासाहेब पाटील. शेजारी साताऱ्यात त्याच वेळी क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट पक्षातर्फे निवडून आले, आणि ते मूळचे वाळवा तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे. कुंडल, वाळवा, तासगाव हा सगळा टापू प्रतिसरकारचा. इंग्रजांना न जुमानणाऱ्या माणसांनी नंतर काँग्रेसलाही न जुमानणं हे तसं ओघानंच आलं. काँग्रेसचा बालेकिल्ला म्हणून ज्याचं नाव पुढं गाजलं, त्या जागेवर पहिल्या दोन निवडणुकांत एकदा काँग्रेस हरली होती, हे आज फार जणांच्या लक्षात नसतं.

१९६० ला महाराष्ट्र झाला आणि संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेचं कारणच संपलं. १९६२ ला जतच्या संस्थानिक घराण्यातले विजयसिंहराव डफळे काँग्रेसकडून निवडून आले. १९६७ ला एस. डी. पाटील. १९७१ आणि १९७७ ला गणपतराव गोटखिंडे. यातली १९७७ ची नोंद थांबून बघण्यासारखी आहे. आणीबाणीनंतरच्या त्या निवडणुकीत उत्तरेत काँग्रेस भुईसपाट झाली, खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या. सांगली काँग्रेसकडंच राहिली. कारण तोवर इथं लोक मत देत होते ते दिल्लीकडं बघून कमी आणि सांगलीकडं बघून जास्त. आणि सांगलीत तोवर एका माणसाचं नाव चालत होतं.

दादा घराणं

वसंतराव बंडूजी पाटील, म्हणजे वसंतदादा. पद्माळ्याचे. १९४३ च्या जुलैत सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडलेल्या क्रांतिकारकांचे म्होरके. स्वातंत्र्यानंतर त्यांनी बंदूक ठेवली आणि सहकार हातात घेतला. साखर कारखाना, बँक, सोसायट्या, शिक्षण संस्था. शिक्षण फारसं नसलेला हा माणूस महाराष्ट्राचा अनेकदा मुख्यमंत्री झाला आणि राजस्थानचा राज्यपालही.

१९७८ मध्ये दादांचं सरकार पडलं, शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार आलं. १९८० ला दादा लोकसभेला उभे राहिले आणि सांगलीचे खासदार झाले. १९८३ च्या सुरुवातीला ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. मुख्यमंत्री झालेल्या माणसाला सहा महिन्यांच्या आत विधानसभेचं किंवा विधान परिषदेचं सदस्य व्हावं लागतं, आणि एकाच वेळी तिथंही आणि लोकसभेतही बसता येत नाही. त्यामुळं खासदारकी रिकामी झाली, पोटनिवडणूक लागली आणि शालिनीताई पाटील निवडून आल्या. दादांच्या पत्नी एवढीच त्यांची ओळख सांगणं बरोबर नाही. त्याआधी त्या राज्याच्या महसूलमंत्री राहिल्या होत्या.

१९८४ पासून दादांचे चिरंजीव प्रकाशबापू. १९८४, ८९, ९१ असे तीनदा. १९९६ आणि ९८ ला तिकीट घरातल्याच मदन पाटलांकडं गेलं आणि तेही जिंकले. १९९९ आणि २००४ ला पुन्हा प्रकाशबापू. २००५ मध्ये त्यांचं निधन झालं, २००६ च्या पोटनिवडणुकीत त्यांचे थोरले चिरंजीव प्रतीक पाटील आले. २००९ ला पुन्हा प्रतीक, मग केंद्रात राज्यमंत्रिपदही.

एका घरात सलग चौतीस वर्षं खासदारकी. १९८० पासून आजवर सांगलीच्या प्रत्येक खासदाराचं आडनाव पाटील आहे, हा वेगळा विनोद. पण त्याचा एक व्यावहारिक परिणाम असा की सांगलीत आडनावानं कुणी बोलतच नाही. दादा, बापू, भाऊ, काका, अण्णा, सरकार, पैलवान, अशीच नावं चालतात. २०२४ ला पहिल्या तीन क्रमांकांवरचे तिघेही पाटील होते. ‘पाटलांना मत द्या’ म्हणून प्रचार केला असता तर कुणालाच काही कळलं नसतं.

या काळात शहर मात्र वेगळ्या वळणानं जात होतं, आणि ते लोकसभेच्या आकड्यांत दिसत नाही. १९८५ मध्ये दादा राज्यपाल होऊन राजस्थानात गेले, सांगली विधानसभेची जागा रिकामी झाली. १९८६ च्या पोटनिवडणुकीत दादांचे पुतणे विष्णुअण्णा पाटील यांना जनता पक्षाचे संभाजी पवार यांनी हरवलं. बिजली मल्ल म्हणून ओळखले जाणारे हे पैलवान नंतरही निवडून येत राहिले, शेवटी भाजपकडूनही. म्हणजे सांगली शहर आमदार विरोधातला निवडायचं आणि तीन-चार वर्षांनी लोकसभेला प्रकाशबापूंच्या हातावर शिक्का मारायचं. मतदार गोंधळलेला होता असं मला वाटत नाही. नळ, गटार, रस्ता यांचा राग आमदारकीच्या निवडणुकीत काढायचा आणि दादांची आठवण खासदारकीला ठेवायची, असा तो सरळ हिशेब होता.

गट म्हणजे काय

सांगलीचं राजकारण समजायचं तर ‘पक्ष’ या गोष्टीपेक्षा ‘गट’ ही गोष्ट आधी समजली पाहिजे.

गटाला कार्यालय नसतं, पावती नसते, सदस्य नोंदणी नसते. असतो तो एक कारखाना किंवा दूध संघ किंवा बाजार समिती, त्यातून मिळणारी कामं, आणि त्या कामांतून वर्षानुवर्षं बांधलेली माणसं. उसाला वेळेवर तोड मिळाली, सोसायटीचं कर्ज मंजूर झालं, पोराला शिक्षण संस्थेत चिकटवलं, दवाखान्यात कुणी फोन केला. हे सगळं माणूस विसरत नाही, आणि ज्यानं केलं तोही विसरत नाही. निवडणुकीच्या आधी गावच्या पारावर एखादा विचारतो, “काय ठरलंय औंदा?” उत्तर येतं, “अजून निरोप नाय आला.” हा निरोप पक्षाच्या मुंबईच्या कार्यालयातून यायचा नसतो. तो तालुक्याच्या ठिकाणच्या एका वाड्यातून किंवा कारखान्याच्या गेस्ट हाऊसमधून यायचा असतो.

आणि हे गट लोकसभेपेक्षा विधानसभेला जास्त जपतात. खासदार दिल्लीत असतो, आमदार तालुक्यात. त्यामुळं लोकसभेला एखाद्या गटानं कुणाला मदत केली यामागं बहुतेक वेळा पुढच्या विधानसभेचा विचार असतो: याला दिल्लीला पाठवला की तालुक्यातली वाट मोकळी होते. नाहीतर उलट, हा पडला तर आपल्या वाटेवर येईल.

आता २००९ कडं बघू. २००८ मध्ये देशभर मतदारसंघांची फेररचना झाली. लोकसंख्या बदलते तशा हद्दी पुन्हा आखायच्या असतात, तेच काम. सांगलीत तासगाव आणि कवठेमहांकाळ हे पूर्वी वेगवेगळे असलेले दोन मतदारसंघ एक झाले. तासगाव म्हणजे आर. आर. पाटील, आबा. कवठेमहांकाळ म्हणजे अजितराव घोरपडे, सरकार. दोघांच्या दोन जागा होत्या, उरली एक. ती आबांची झाली. २००९ च्या लोकसभेला घोरपडे सरकार अपक्ष म्हणून उभे राहिले. नकाशावरची एक रेघ पुसली आणि एक मातब्बर गट बिनजागेचा झाला, एवढं लक्षात घेतलं तर त्या निवडणुकीचं अर्धं कोडं सुटतं. प्रतीक पाटील जिंकले, ३,७८,६२० मतं घेऊन, फरक ३९,७८३. तोवर सलग एकोणतीस वर्षं खासदारकी सांभाळलेल्या घराण्याला तो इशारा होता. तो फारसा कुणी ऐकला नाही.

कमळ आलं तेव्हा

२०१४ ला संजयकाका पाटील राष्ट्रवादीतून भाजपमध्ये आले. काकांचं राजकारण तासगाव तालुक्यातलं, आबांच्या विरोधात वाढलेलं. म्हणजे भाजपनं सांगलीत नवीन माणूस घडवला नाही. तयार गट घेतला आणि त्याला मोदी लाटेची जोड दिली. निकाल: संजयकाका ६,११,५६३, प्रतीक पाटील ३,७२,२७१. फरक २,३९,२९२.

हे आकडे २००९ शेजारी ठेवून बघा. प्रतीक पाटलांची मतं जवळपास तेवढीच आहेत, ३ लाख ७८ हजारांवरून ३ लाख ७२ हजार. काँग्रेसची मतं कोसळली असं आपण सर्रास म्हणतो, तसं झालेलंच नाही. झालं असं की उरलेली सगळी मतं, आणि नव्यानं मतदानाला आलेल्यांची मतं, एका माणसामागं एकवटली. दादा घराण्याचं स्वतःचं मत साडेतीन-पावणेचार लाखांच्या आसपास टिकून होतं. एवढ्या मतांवर चौरंगी लढत जिंकता येते, दुरंगी जिंकता येत नाही.

१९६२ पासूनची काँग्रेसची सलग मालिका त्या दिवशी तुटली. आणखी एक गोष्ट त्या दिवशी झाली, पण ती कळायला पाच वर्षं लागली. सांगली लोकसभेच्या मशीनवर हाताचं चिन्ह होतं ते त्या वेळी शेवटचं.

२०१९ ला काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीच्या जागावाटपात सांगली राजू शेट्टींच्या स्वाभिमानी पक्षाला गेली. दादांचे धाकटे नातू, प्रतीक यांचे बंधू विशाल पाटील उभे राहिले ते स्वाभिमानीचे उमेदवार म्हणून, बॅट चिन्ह घेऊन. दादांच्या सांगलीत दादांचा नातू, आणि हात नाही. कित्येक म्हाताऱ्या माणसांना हे समजावून सांगता सांगता कार्यकर्त्यांच्या नाकीनऊ आले असणार. तिसरे उमेदवार होते वंचित बहुजन आघाडीचे गोपीचंद पडळकर, आटपाडीकडचे, धनगर समाजातलं तरुण नेतृत्व.

निकाल असा: संजयकाका ५,०८,९९५. विशाल पाटील ३,४४,६४३. पडळकर ३,००,२३४.

आता यातला मुद्दा बघा, कारण आपली निवडणूक पद्धत समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. संजयकाकांची मतं २०१४ पेक्षा एक लाखाहून जास्त कमी झाली होती. पडलेल्या मतांपैकी त्यांना सुमारे ४३ टक्केच मिळाली. तरी ते १,६४,३५२ च्या फरकानं जिंकले. आपल्याकडं निम्म्याहून जास्त मतं मिळवायची अट नाही. बाकीच्या प्रत्येकापेक्षा एक जास्त, एवढंच लागतं. विशाल आणि पडळकर यांची बेरीज ६,४४,८७७ होते, विजेत्यापेक्षा १ लाख ३५ हजारांहून अधिक.

मग ‘मतविभागणी झाली म्हणून काका आले’ हे खरं का? अर्धं खरं. बेरीज कागदावर होते, माणसांची होत नाही. पडळकरांना मिळालेली सगळी मतं ते नसते तर विशाल पाटलांना गेली असती, असं समजणं भाबडेपणाचं आहे. खुद्द पडळकर काही महिन्यांत भाजपमध्ये गेले, बारामतीत अजित पवारांच्या विरोधात विधानसभा लढले, पुढं विधान परिषदेवर आमदार झाले. त्यांच्यामागचा मतदार आयता काँग्रेसचा होता असं कसं म्हणणार? पण काकांच्या विरोधात निम्म्याहून जास्त मतदार आहे, आणि तो एका ठिकाणी आला तर काय होईल, हे २०१९ च्या त्या एका रात्रीत सांगलीतल्या प्रत्येक गटाच्या लक्षात आलं.

पाकिटाचे तेरा दिवस

२०२४ ला पुन्हा जागावाटप. कोल्हापूरची जागा २०१९ ला शिवसेनेनं जिंकलेली. ती शाहू महाराजांसाठी काँग्रेसला सोडली, आणि बदल्यात सांगली आमची, असं ठाकरेंच्या शिवसेनेनं सांगितलं. डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांची उमेदवारी जाहीर झाली. पलूस-कडेगावचे काँग्रेस आमदार विश्वजित कदम दिल्लीपर्यंत जाऊन आले, पण जागा फिरली नाही. सलग दुसऱ्यांदा सांगलीत हात नाही.

कोल्हापूरच्या बदल्यात सांगली हा हिशेब मुंबईत बसून केला तर चुकीचा वाटत नाही. जागेस जागा. पण या सहा विधानसभा मतदारसंघांत २०१९ ला शिवसेनेचा आमदार आला होता तो खानापुरात, तोही नंतर शिंदेंकडं गेलेला. चंद्रहार पैलवानांचा मान मोठा, तालमीत आणि गावागावांत. पण मानाचं मत आणि गटाचं मत यात फरक असतो.

विशाल पाटलांनी अपक्ष अर्ज ठेवला. अर्ज मागं घ्यायची मुदत २२ एप्रिलला संपली, त्यानंतर चिन्ह मिळालं: लिफाफा, म्हणजे आपलं पाकीट. मतदान ७ मेला, आणि जाहीर प्रचार त्याच्या ४८ तास आधी बंद. हातात उरले तेरा दिवस. मशीनवर नावांचा क्रमही नियमानं ठरतो: आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेले, आणि शेवटी अपक्ष. म्हणजे मतदारानं वरची कमळ, मशाल अशी ओळखीची चिन्हं ओलांडून खाली यायचं, पाकीट शोधायचं आणि बटण दाबायचं. १८ लाख मतदारांच्या मतदारसंघात, जतच्या शेवटच्या वाडीपर्यंत हे तेरा दिवसांत पोचवायला पैसा लागतो, मोबाइल लागतो, पण सगळ्यात जास्त लागतात प्रत्येक गावात आधीपासून बांधलेली माणसं.

ती माणसं कोण होती? काँग्रेसचा कार्यकर्ता तर होताच, दहा वर्षं हातासाठी तहानलेला. वंचितनं यावेळी विशाल पाटलांना पाठिंबा दिला. जतचे भाजपचे माजी आमदार विलासराव जगताप पक्ष सोडून त्यांच्या मागं आले. घोरपडे सरकारही आले. २०१९ ला दोन पेट्यांत गेलेलं मत एका पेटीत येण्याची वाट तयार झाली.

आकडे पुन्हा मांडतो. विशाल पाटील: ३,४४,६४३ वरून ५,७१,६६६, म्हणजे २,२७,०२३ ची वाढ. संजयकाका: ५,०८,९९५ वरून ४,७१,६१३, म्हणजे फक्त ३७,३८२ ची घट. काकांचं मत फारसं हललेलं नाही. पंधरा टक्केही नाही, साडेसातच्या आसपास. हललं ते विरोधातलं मत. मतदान सुमारे ६२ टक्के झालं होतं, आणि विशाल पाटलांचा वाटा निम्म्याच्या अगदी जवळ गेला. लढत मशीनवर बहुरंगी आणि प्रत्यक्षात दुरंगी झाली.

डिपॉझिटचंही जाता जाता. लोकसभेला खुल्या गटातल्या उमेदवाराला २५ हजार रुपये अनामत भरावी लागते. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर ती जप्त. सांगलीत त्यासाठी एक लाख ९० हजारांच्या वर मतं हवी होती. रकमेनं कुणाचं काही जात नाही, पण ‘डिपॉझिट गेलं’ हे शब्द गावात पुढची पाच वर्षं ऐकावे लागतात.

निकालानंतर दोन दिवसांत विशाल पाटलांनी मल्लिकार्जुन खर्गे यांची भेट घेऊन काँग्रेसला पाठिंब्याचं पत्र दिलं. म्हणजे ज्या पक्षाला आपल्या कोट्यात ही जागा मिळवता आली नाही, त्याच पक्षाच्या बाजूला खासदार जाऊन बसला.

सहा महिन्यांनी

‘सांगली महाविकास आघाडीची झाली’ असं जूनमध्ये लिहिणाऱ्यांनी नोव्हेंबरचा निकालही बघायला हवा होता. त्याच सहा विधानसभा मतदारसंघांत, तोच मतदार. सांगलीत भाजपचे सुधीर गाडगीळ, मिरजेत भाजपचे सुरेश खाडे. जतमध्ये तेच गोपीचंद पडळकर, आता कमळावर. खानापुरात शिंदेंच्या शिवसेनेचे सुहास बाबर. आघाडीकडं आल्या दोनच जागा, पलूस-कडेगावात विश्वजित कदम आणि तासगाव-कवठेमहांकाळमध्ये आबांचे चिरंजीव रोहित पाटील.

सांगली शहरात तर काँग्रेसच्या मतांत फूट पाडायला काँग्रेसचंच घर पुरलं. पक्षाचे उमेदवार पृथ्वीराज पाटील, आणि दादा घराण्यातल्याच, मदन पाटलांच्या पत्नी जयश्रीताई पाटील अपक्ष. जूनमध्ये ज्या घरातल्या अपक्षामागं शहर एकवटलं, नोव्हेंबरात त्याच घरातल्या दुसऱ्या अपक्षामुळं मत फुटलं. गाडगीळ तिसऱ्यांदा आमदार झाले.

तासगावात रोहित पाटलांच्या समोर कोण होतं? संजयकाका पाटील. यावेळी कमळावर नाही, अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडून, घड्याळ घेऊन. दहा वर्षांपूर्वी ज्या पक्षातून काका भाजपमध्ये गेले त्याच पक्षाचं हे चिन्ह, आणि लढतही तीच जुनी, तासगावातली, आबांच्या घराशी. त्यात रोहित पाटील जिंकले आणि पंचविशीत विधानसभेत गेले.